आयडाहोची केस आणि दूध पावडरचे पेढे

मस्कतमध्ये घरी पेढे करायला खवा लागत नाही, दूध पावडर लागते. आई ती हमरियातल्या एका दुकानातून आणते. दुकानदार रत्नागिरीकडचे आहेत, त्यांना आम्ही चाचा म्हणतो. आईने पावडरचा एक डबा घेतला तर तो चहासाठी, हे त्यांना माहीत आहे. दोन घेतले तर ते गल्ल्यामागून विचारतात, "काय वैनी, खबर काय?" त्या नोव्हेंबरात आईने एकदम तीन डबे घेतले. चाचांनी काहीच विचारलं नाही. मास्कच्या वरून फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि मी वेलदोड्याच्या पाकिटावरची किंमत फार लक्ष देऊन वाचू लागले.

खबर अशी होती, की अमेरिकेचे अध्यक्ष निवडणूक हरले होते.

आमच्या घरातलं कोणीही कधी अमेरिकेला गेलेलं नाही. बाबा रुवीतल्या एका कंपनीत एसीच्या कामांचे इंजिनिअर आहेत. मी तेव्हा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नुकतीच लागले होते, आणि कोरोनामुळे खिडकीशी टेबल लावून घरूनच ड्रॉइंग्ज करत होते. ते टेबल, ती खिडकी आणि महिनाअखेरचा तो पगार, तिन्ही मला फार आवडायची. पण उन्हाळ्यात पुण्याहून एक स्थळ आलं होतं. मुलगा न्यू जर्सीत, कॉम्प्युटरमध्ये. त्याने तिशी ओलांडली होती, तरी दोन्ही घरांत त्याला 'मुलगा'च म्हणत, जसं मला 'मुलगी'.

विमानं बंद असल्यामुळे बघण्याचा कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर झाला. आईने मला साडी नेसवली आणि पोह्यांची बशी कॅमेऱ्यासमोर धरायला लावली. ते पोहे नंतर बाबांनी खाल्ले. मुलाची आई, म्हणजे पुण्याच्या काकू, म्हणाल्या, "मुलगी शांत आहे." आई म्हणाली, "हो, पहिल्यापासूनच." मग मला प्रश्न विचारण्यात आले. स्वयंपाकाची आवड आहे का? पुणं पाहिलंय का? थंडी सोसते का? त्यातल्या एकाही प्रश्नाला मला जे उत्तर द्यायचं होतं ते बसत नव्हतं.

मला इतक्यात लग्न करायचं नव्हतं. हे वाक्य मी मनात इंग्रजीत तयार ठेवलं होतं, मराठीतही ठेवलं होतं. ते बाहेर काढायला जागाच मिळत नव्हती.

काकूंची पसंती आली, पण अटीसकट. त्या वर्षी तिकडे नोकरीला गेलेल्यांच्या बायकांचे व्हिसे अडवून ठेवले होते. "सून माझ्याकडे पुण्यात आणि मुलगा तिकडे, असला संसार मला नको," काकू फोनवर म्हणाल्या. "हे अध्यक्ष गेले की व्हिसे सुटतील. ते गेले की आमचा होकार धरा."

"आणि नाही गेले तर?" बाबांनी विचारलं.

"मग बघू."

स्थळांच्या बोलण्यात 'मग बघू' म्हणजे काय, हे आईला चांगलं कळतं. त्या दिवसापासून ती अमेरिकेतल्या विरोधी पक्षाची झाली.

मतमोजणी दिवसेंदिवस लांबली. बाबांनी ऑफिसच्या प्रिंटरवर अमेरिकेचा नकाशा छापून हॉलच्या भिंतीवर लावला आणि माझे ड्रॉइंगचे पेन घेऊन एकेक राज्य रंगवायला घेतलं. आई देवापुढे दिवा लावून उठताना गुडघ्यावर हात टेकत विचारायची, "पेनसिल्व्हेनियाचं काय झालं?" आमच्या देवघराने हा शब्द आधी कधी ऐकला नव्हता. शेवटी एका शनिवारी चॅनेलवाल्यांनी निकाल सांगून टाकला, आणि आम्ही हमरियाला पावडर आणायला गेलो.

सुपारी फुटेपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही, दृष्ट लागते, असं आई मानते. म्हणून तिने पेढे वाटले ते कारण न सांगता. समोरच्या मल्याळी नर्सताईंना, वरच्या गुजराती कुटुंबाला, मराठी मंडळातल्या चार घरांना, आणि तळमजल्यावर राहणाऱ्या आमच्या बिल्डिंगच्या मालकीणबाईंना. त्या मूळच्या बलुची, ओमानी. हिंदी आमच्यापेक्षा सफाईने बोलतात. प्रत्येकाला एकेक स्टीलचा डबा आणि एकच वाक्य: "गोड बातमी आहे, नंतर सांगते." मी मागे उभी राहून दारांच्या बिजागऱ्या बघत होते.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. आईने स्पीकरवर टाकला.

"अहो ताई, कसला निकाल घेऊन बसलात? ते कोर्टात गेलेत."

"पण टीव्हीवर सांगितलं की."

"टीव्हीवाल्यांच्या भरवशावर मी मुलाचं लग्न ठरवू? मुलगा म्हणाला, कोर्टाचं होईपर्यंत काही खरं नाही."

आईने फोन ठेवला आणि काही वेळ फ्रीजकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "खाल्ले असतील का गं सगळ्यांनी?"

सगळ्यांनी खाल्ले होते, आणि आता डबे परत यायला लागले. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे धर्म पाळतात. नर्सताईंनी केळ्याचे वेफर्स भरून आणले आणि माझ्याकडे बघत हसून विचारलं, "शादी?" गुजराती काकी सुखडी घेऊन आल्या आणि बाबांना बढती मिळाली समजून त्यांचंच अभिनंदन करून गेल्या. मंडळातल्या एका वहिनींनी तर लाडवांबरोबर जायफळाची पुडी दिली आणि आईच्या कानात म्हणाल्या, "या वयात? जपा हं." आई त्यानंतर बराच वेळ गॅलरीत जाऊन बसली.

आत आली ती निर्णय घेऊन. "आता कोणी विचारलं," ती आम्हा दोघांना म्हणाली, "तर पेढे अमेरिकेच्या निवडणुकीचे होते."

"निवडणुकीचे?" बाबा म्हणाले.

"खोटं आहे का त्यात काही?"

खोटं नव्हतंच. पण त्याचा परिणाम असा झाला, की ज्या बाईने आयुष्यात मंडळाच्या कार्यकारिणीतसुद्धा कोणाची बाजू घेतली नव्हती, ती मस्कतच्या मराठी समाजात अमेरिकन राजकारणातली एक खंबीर बाई म्हणून ओळखली जाऊ लागली. मंडळाच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "वहिनी, पेढे उत्तम, पण घाई झाली. अजून निकाल अधिकृत नाही." त्यावर दुसऱ्याने लिहिलं, की पेढे वाटणं हा व्यक्तीचा अधिकार आहे. तिसऱ्याने विचारलं, की आम्हाला का नाही मिळाले. संध्याकाळपर्यंत दोघेजण ग्रुप सोडून गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले.

हसण्यासारखं होतं, पण काळजी खरी होती. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांतून कोणी ना कोणी तिकडे होतं: कोणाचा मुलगा व्हिसाच्या मुदतीवर, कोणाची मुलगी कॉलेजात अर्धी फी भरून. एका शुक्रवारी मी बाबांबरोबर अल मवालेहच्या भाजी बाजारात गेले होते. तिथे सोहारच्या एका कारखान्यात काम करणारे बाबांचे जुने मित्र भेटले. ते वांगी निवडत होते. एकेक वांगं उचलायचे, दाबायचे आणि परत ठेवायचे.

"जॉर्जियात परत मोजतायत," ते म्हणाले.

"हाताने मोजतायत," बाबा म्हणाले. "फरक पडणार नाही."

"तुम्हाला काय, तुम्ही पेढे वाटून बसलात. माझा पोरगा तिकडे घरात डाळ-तांदूळ भरून ठेवतोय. म्हणतो, निकाल पलटला तर रस्त्यावर काय होईल सांगता येत नाही." त्यांनी एक वांगं पिशवीत टाकलं, पुन्हा बाहेर काढलं. "जॉर्जियात आहे तो. म्हणून विचारलं."

बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मग कोरोना आठवून काढला.

त्याच आठवड्यात मुलाचा मेसेज आला. आमचे नंबर आयांनी एकमेकांना कधीच दिलेले होते, आणि तोवर आमच्यात 'हाय' आणि 'हाय, हाऊ आर यू' इतकंच झालं होतं. त्याने इंग्रजीत लिहिलं, "ऐकलं की पेढे वाटले गेले."

मी लिहिलं, "आईने. मी नाही."

"चांगले झाले होते?"

"दूध पावडरचे."

बऱ्याच वेळाने त्याने लिहिलं, "कोर्टाचं होईपर्यंत थांब, हे मीच आईला सांगितलं. तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी."

मी ते दोनदा वाचलं. मग आजवर कोणालाही न लिहिलेलं वाक्य लिहून टाकलं, कारण बोलण्यापेक्षा टाइप करणं मला सोपं जातं: "वाईट नाही वाटलं. कोर्टाने सावकाश काम करावं असं मला वाटतं."

त्याने एक हसरा चेहरा पाठवला. मग सगळं सांगितलं. त्याला अमेरिकेत राहायचंच नव्हतं. पुण्यात परत येऊन मित्राबरोबर काम सुरू करायचं होतं, आणि ते बसेपर्यंत लग्नही नको होतं. पण काकूंनी त्याच्या न्यू जर्सीवर इतकी वर्षं सोसायटीत मान मिळवला होता, की त्यांना हे कसं सांगावं हे त्याला कळत नव्हतं. सांगायचं धैर्य येईपर्यंत वेळ हवा होता. म्हणून रोज तो त्यांना कोर्टातली बातमी द्यायचा. म्हणजे एका मुलीला कुठेच जायचं नव्हतं, मुलाला तिथून निघायचं होतं, आणि त्या मुलीच्या व्हिसासाठी पुणे आणि मस्कत इथल्या दोन आया अमेरिकेच्या न्यायव्यवस्थेवर डोळे लावून बसल्या होत्या.

अडचण बाबांची होती. बाबा सगळं वाचायचे. रोज जेवणानंतर मला शेजारी बसवून म्हणायचे, "तू इंग्लिश मीडियमची. हे जरा सोप्या भाषेत सांग." मी वाचून सांगायचे. अमुक अर्ज फेटाळला, कारण पुरावा नाही. अमुक फेटाळला, कारण उशिरा आला. हरकत निवडणुकीआधी घ्यायला हवी होती. अमुक फेटाळला, कारण अर्ज करणाऱ्याचा त्या गोष्टीशी थेट संबंध नाही. ज्याचं नुकसान होतंय त्यानेच तक्रार करायची असते.

"बरोबर आहे," बाबा म्हणायचे. "आपल्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीबद्दल पलीकडच्या बिल्डिंगवाल्याने का बोलावं?"

आणि एके दिवशी आई स्वयंपाकघरातून येऊन म्हणाली, "पुण्याच्या ताईंचा फोन होता. आयडाहोची केस अजून बाकी आहे म्हणे."

बाबांनी चष्मा वर केला. "आयडाहो?"

"मुलगा म्हणाला त्यांना."

बाबा उठून नकाशापाशी गेले. आयडाहो शोधायला त्यांना वेळ लागला. सापडल्यावर त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "इथे तर अध्यक्षच जिंकलेत. भरघोस. आपणच जिंकलो तिथे कोर्टात कोण जातं?"

बाबा माझ्याकडे वळले. "तू वाचलंस का कुठे आयडाहोचं?"

"काकूंची गल्लत झाली असेल," मी म्हटलं. "राज्यं किती आहेत."

मग मी बाथरूममध्ये जाऊन मेसेज केला: "आयडाहो कशाला? माझे बाबा रोज वाचतात."

"घाईत जे आठवलं ते सांगितलं," त्याने लिहिलं. "खरी कुठली बाकी आहे?"

"विस्कॉन्सिन. आणि ती एक मोठी, सगळ्यात वरच्या कोर्टातली."

"थँक्स."

पुढचे दिवस मी त्याला रोज सकाळी बाकी असलेल्या खऱ्या केसेस पाठवत होते. त्या तो काकूंना सांगायचा, काकू आईला सांगायच्या, आणि आई त्या जेवताना आमच्यासमोर ताज्या बातमीसारख्या मांडायची. "विस्कॉन्सिन," ती म्हणायची, आणि बाबा मान डोलवायचे. "मुलगा अभ्यासू आहे," ते म्हणायचे. मी खाली बघून भात कालवत राहायचे.

पण कोर्टं माझ्या अपेक्षेपेक्षा फार वेगाने काम करत होती. एकेक अर्ज बाद होत गेला. चाचांच्या दुकानात गेलं की ते सुटे पैसे देता देता विचारायचे, "काय गो बाय, कोडतात काय झाला? तुज्या आवशीचा जीव टांगणीला लागला असंल." त्यांचा भाचा तिकडे टॅक्सी चालवतो, म्हणून त्यांनाही रोजचं हवं असायचं. मी म्हणायचे, "अजून एक बाकी आहे, चाचा." ते म्हणायचे, "एकदाचा खलास करा म्हणावं." मला मनातून वाटायचं, नको.

शेवटी सगळ्यात वरच्या कोर्टानेही त्या मोठ्या अर्जाला दारातूनच परत पाठवलं. बाबांनी बातमी मोठ्याने वाचली. आईने देवाला हात जोडले. मी फोन बघितला. मुलाने लिहिलं होतं, "आज सांगतो आईला. दुसरा इलाज राहिला नाही."

त्याने सांगितलं. मला खरंच वाटलं होतं, की आता संपलं. ज्या मुलासाठी व्हिसा हवा तो मुलगाच अमेरिका सोडतोय म्हटल्यावर सगळंच बारगळणार. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता. रडल्या असाव्यात. थोडा वेळ त्या पुण्याच्या थंडीबद्दलच बोलल्या.

मग म्हणाल्या, "ताई, तो परत येतोय. कायमचा."

"अगंबाई," आई म्हणाली.

"मी रात्रभर विचार केला. म्हटलं, रडायचं कशाला? मुलगा जवळ राहील. आणि व्हिसाचा प्रश्नच मिटला की हो. आता थांबायचं कशासाठी? विमानं नीट सुरू झाली की उरकून टाकू. मुहूर्त बघू का?"

आईचा चेहरा असा उजळला, की मला तिच्याकडे बघवेना. बाबा पुटपुटले, "म्हणजे अध्यक्षांचा काही संबंधच नव्हता."

फोनवर मेसेज आला. "सॉरी. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता कुठलं कोर्ट?"

मी लिहिलं, "कुठलंच नाही."

जेवणं झाल्यावर बाबा भिंतीवरचा नकाशा काढायला लागले. एकेक चिकटपट्टी नखाने सोडवत होते. आई मोबाइलवर पंचांग बघत होती. मी माझ्या टेबलापाशी उभी होते. लाल पेन नकाशा रंगवून पूर्ण संपला होता.

"बाबा, मला हरकत घ्यायची आहे."

"नकाशा काढायला? राहू देतो मग."

"नकाशाला नाही. लग्नाला."

आईने पंचांगातून मान वर काढली. बाबांच्या हातात फ्लोरिडाचा कोपरा होता.

"मला इतक्यात लग्न करायचं नाही," मी म्हटलं. मनात इतक्या वेळा म्हटलेलं वाक्य होतं, तरी आवाज दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. "मुलगा चांगला आहे. त्याला पण नको आहे. पण ते त्याचं तो सांगेल. मी माझं सांगते."

"ही हरकत उन्हाळ्यात का नाही घेतलीस?" बाबा म्हणाले.

"तेव्हा कोणी विचारलं नाही."

"विचारलं नाही?" आई म्हणाली. "थंडी सोसते का, इथपर्यंत विचारलं तुला त्यांनी."

बाबांनी नकाशाची गुंडाळी केली, खुर्चीत बसले आणि गुंडाळी मांडीवर आडवी धरली. "उशिरा आलेल्या अर्जांचं तिकडे काय झालं, ते तूच मला वाचून दाखवलंयस."

"हो. फेटाळले."

त्यांनी गुंडाळीचं दुमडलेलं टोक बोटाने सरळ केलं. आई त्यांच्याकडे बघत होती, मी जमिनीकडे. "पण त्यातल्या बऱ्याच जणांचा त्या गोष्टीशी संबंध नव्हता," बाबा शेवटी म्हणाले. "हिचा आहे. हिचाच तर आहे."

"अहो, कोर्ट काय लावलंय घरात? मी पुण्याला काय सांगू?"

"सांग, मग बघू."

आईचा राग मला कळतो. रागावली की ती धुतलेली भांडी पुन्हा पुसते. ती उठली आणि तेच करायला लागली. दोन ताटं पुसून झाल्यावर, माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "मला आधी एकटीला सांगायचंस. मी काय काकू आहे?" ते मला सगळ्यात जास्त लागलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात तळमजल्याच्या मालकीणबाई होत्या, हातात आमचा स्टीलचा डबा. सगळे डबे कधीच परत आले होते, तो एकटाच राहिला होता. डब्यात हलवा होता, काळपट तपकिरी, वर काजू, अजून कोमट.

"देर हो गई, बहन," त्या आईला म्हणाल्या. "हमने सोचा, कोर्ट का हो जाने दो. पहले से मुबारक बोलना ठीक नहीं. अब तो पक्का ना?"

आईने डबा दोन्ही हातांनी धरला. हात ओले होते. तिने एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"हाँ," ती म्हणाली. "अब खलास."

"मबरूक," मालकीणबाई म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.

आईने डबा टेबलावर ठेवला. "आता हे कशाबद्दल म्हणून खायचं?"

"अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांबद्दल," बाबा म्हणाले आणि चमचे आणायला उठले.

पुण्याशी आईचं बोलणं दुसऱ्या दिवशी झालं, दार लावून. काय झालं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मुलाने लिहिलं, की घरात वादळ झालं पण छप्पर शाबूत आहे. तो पुढच्या उन्हाळ्यात पुण्याला परतला. अजूनही कधीतरी, कुठल्याही देशात निकालावरून कोणी कोर्टात गेलं, की मला बातमी पाठवतो. खाली लिहितो, "आयडाहो?"

हलवा आला त्या आठवड्याच्या शेवटी आम्ही हमरियाला गेलो. आईने साबण घेतला, डाळ घेतली, आणि दूध पावडरचा एक डबा गल्ल्यावर ठेवला. चाचांनी डब्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"एकच?"

"चहासाठी," आई म्हणाली.